कूच होण्यापूर्वीचे दिवस

बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळीचा जुना किल्ला आहे. २००८ साली त्याच्या जवळच मोठा विमानतळ सुरू झाला, आणि तेव्हापासून या गावाचे नाव दूरदूरच्या लोकांच्या कानी पडू लागले. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून काही प्रवासी येथे घटकाभर थांबतातही. परंतु आम्हांस या किल्ल्याचे महत्त्व वाटते ते त्याच्या पित्यामुळे. १७४९ साली म्हैसूरच्या सैन्याने येथील पाळेगाराविरुद्ध वेढा घातला, तेव्हा त्या सैन्यात हैदर अलीही होता. त्याचा वडील बंधू शहाबाज म्हैसूरच्या चाकरीत अंमलदार होता. हैदराची मात्र पंचविशी उलटली असूनही त्याच्यापाशी हुद्दा असा कोणताच नव्हता. वेढ्यात त्याने जे धाडस दाखविले ते नंजराजाच्या नजरेस आले, आणि ५० स्वार व २०० प्यादे यांची सरदारी त्यास मिळाली.

इतिहासकार हैदराचा हात धरतात तो येथून पुढे. तत्पूर्वी बंधूच्या आश्रयाने त्याने जी वर्षे काढली, त्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. फौजेत जाण्याचे ठरले आहे, पण प्रत्यक्ष निघणे झालेले नाही, अशा अवस्थेतील माणूस इतिहासाच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नसतो. लढाया, तह, वेढे यांच्या तारखा आपण पाठ करतो. परंतु त्या लढायांत उतरलेल्या प्रत्येक शिपायाने आधी केव्हातरी घराच्या ओट्यावर बसून वाट पाहिलेली असते, याचा विचार आपल्या मनात येत नाही.

मराठ्यांच्या इतिहासात मात्र या प्रतीक्षेला एक निश्चित जागा होती. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराचा वार्षिक क्रम दिलेला आहे. पावसाळ्याचे चार महिने लष्कराने स्वमुलखात छावणीस राहावे, दसऱ्यास कूच करावे, आठ महिने परमुलखात काढावेत व वैशाखात परतावे, असा तो क्रम होता. छावणीसाठी दाणा, वैरण, औषधे यांची तरतूद अगोदर केलेली असे. घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे तयार असत. निघतेवेळी लहानथोर सर्वांच्या चीजवस्तूंची यादी होई. नव्या माणसाविषयी ग्रँट डफने लिहिले आहे की, महाराज त्यास स्वतः पारखून घेत व ओळख नसल्यास चाकरीतील एखाद्या जुन्या माणसाचा जामीन घेत. आज पोलीस चौकीतून वर्तणुकीचा दाखला आणावा लागतो, त्याचेच हे पूर्वरूप म्हणावयास हरकत नाही.

या व्यवस्थेत वाट पाहणे होते, पण अनिश्चितता नव्हती. आभाळातले ढग पांगले, शेतातील पीक वर आले, की निघण्याचा दिवस जवळ आला हे घरातील लेकराबाळांनाही कळे. सीमोल्लंघनाची तिथी पंचांगात छापल्यासारखी ठरलेली असे; ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती.

पुढे कंपनी सरकारच्या पलटणी उभ्या राहिल्या. आज मराठा लाइट इन्फन्ट्रीत असलेली ‘जंगी पलटण’ १७६८ सालची. या पलटणींबरोबर कवाईत आली, आणि कवाईतीबरोबर शिक्षणाचे स्वतंत्र ठाणे आले. मराठ्यांचा शिलेदार घोडा व भाला घरीच शिकून येई; पलटणीच्या शिपायास मात्र आधी नाव नोंदवून मग दूरच्या ठाण्यात शिकावयास जावे लागे. नाव नोंदविणे व निघणे यांत जे अंतर पडले, त्याचा मालक आता ऋतू नसून कागद होता. १९२२ साली मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र बेळगावास स्थिर झाले, आणि सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडील तरुणांच्या पिढ्यांनी बेळगावच्या बोलावण्याची वाट पाहिली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा गावात एका घराची प्रतीक्षा ही साऱ्या गावाची असते.

ही प्रतीक्षा किती जड होऊ शकते, हे अलीकडे दिसून आले. कोरोनाच्या साथीमुळे २०२० ते २०२२ या काळात सैन्यभरती बहुतांशी थांबली. मैदानावरील १.६ किलोमीटरची धाव आणि वैद्यकीय तपासणी यांतून पार पडलेले कित्येक तरुण केवळ लेखी परीक्षेसाठी खोळंबले. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची चाकरी व त्यानंतर चौघांपैकी फार तर एकास कायम करणे, हे तिचे स्वरूप. जुनी प्रक्रिया रद्द झाली व सर्वांनी नव्याने अर्ज करावेत असे ठरले. वयाची मर्यादा तेवढ्या वर्षापुरती २१ वरून २३ करण्यात आली. जुन्या भरतीतील उमेदवार न्यायालयात गेले. परंतु नेमणुकीवर त्यांचा हक्क उत्पन्न होत नाही, हाच निर्णय १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला.

कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नसेल. यादीत नाव येणे म्हणजे नेमणूक नव्हे, हे आम्हां सरकारी कारकुनांना कोणी शिकवावयास नको. ‘प्रलंबित’ हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा लिहितो. परंतु ज्याच्या प्रकरणावर तो लिहिला जातो, त्याचे विसावे वर्ष संपून एकविसावे लागते, हे त्या शेऱ्यात कोठे येत नाही. पहाटे उठून धावणारा मुलगा दुसरे काम धरीत नाही. शिक्षण अर्धे टाकतो. घरचे लग्नाचे बोलणे पुढे ढकलतात. हक्क नसला तरी त्याने काही दिलेले असते, आणि ते दिलेले कोणीतरी घेतलेले असते.

म्हणून आम्हांस वाटते, प्रतीक्षेला मुदत असावी. बोलावणे केव्हा येईल, आणि अमुक दिवसापर्यंत न आल्यास ते येणारच नाही, हे दोन्ही उमेदवारास आधी कळावे. सभासदाच्या काळी दसऱ्याने जे काम केले, ते आज एका तारखेने करता येण्याजोगे आहे. देवनहळ्ळीच्या वेढ्यात उतरलेला हैदर २०२२ च्या मैदानावर आला असता, तर वय अधिक झाले म्हणून फाटकावरूनच परत फिरला असता. तसे परत फिरलेले किती, याची मोजदाद आमच्या दप्तरांनी तरी ठेवावयास हवी.