शर्यतवृत्ताचे जाळे आणि त्यातील दोष : ट्रॉडमोर ते उपग्रहवाहिनी

१

ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यतींवर पैज घेणारी जी परवानाधारक दुकाने आहेत, त्यांच्या भिंती पडद्यांनी भरलेल्या असतात. एका पडद्यावर शर्यतीचे चित्र, दुसऱ्यावर घोड्यांची नावे व त्यांचे भाव, तिसऱ्यावर निकाल, अशी ही मांडणी असते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पडदा म्हणजेच वृत्त. वस्तुतः पडदा हे एका लांबच लांब जाळ्याचे केवळ शेवटचे टोक होय. मैदानावर घडलेली गोष्ट शेकडो मैलांवरील भिंतीवर उमटेपर्यंत ती अनेक हातांतून, तारांतून व यंत्रांतून जाते, आणि त्यांपैकी कोठेही ती अडू शकते, बदलू शकते किंवा रेंगाळू शकते.

शर्यतींचा इतिहास लिहिणाऱ्यांनी घोडे, मालक व कायदे यांचा विचार विपुल केला आहे. वृत्तवहनाच्या व्यवस्थेकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. त्याचे एक कारण असे की, जाळे सुरळीत चालू असते तेव्हा त्याची कोणी नोंद करीत नाही. ते बिघडले, अथवा कोणी ते बुद्ध्या बिघडविले, म्हणजे मात्र चौकशी होते, साक्षी होतात आणि एरव्ही अदृश्य असलेली रचना कागदावर येते. प्रस्तुत निबंधात १८९८, १९५३ व १९७४ या तीन सालांतील तीन प्रकरणे या दृष्टीने तपासावयाची असून, आजच्या पडद्यांच्या जाळ्यातील दोष शोधण्याच्या पद्धतीशी त्यांचा संबंध दाखवावयाचा आहे.

२

विषय समजण्यासाठी प्रथम 'भाव' या संज्ञेचा उलगडा केला पाहिजे. 'एकास दहा' असा भाव असता घोडा जिंकल्यास एका पौंडाच्या पैजेवर दहा पौंड मिळतात व मूळ पौंड परत येतो. मैदानावरील बुकी लोक हा भाव पैशाच्या ओघानुसार सतत बदलतात. ज्या घोड्यावर पैसा जमतो त्याचा भाव उतरतो. शर्यत सुटताना मैदानावर जो भाव चालू असेल तो पूर्वी 'प्रारंभभाव' म्हणून नोंदला जाई, आणि मैदानाबाहेर देशभर लागलेल्या असंख्य पैजा त्याच भावाने फेडल्या जात.

यातून एक विलक्षण परिस्थिती निर्माण होई. पैसा बाहेर लागे, परंतु भाव आत ठरे. बाहेरचा पैसा आत पोहोचला नाही, तर आतील भाव त्या पैशाची दखल घेत नसे. म्हणून शर्यतवृत्ताचे जाळे आरंभापासून दुहेरी असावे लागले : मैदानाकडून बाहेर वृत्त आणणारे आणि बाहेरून मैदानाकडे पैशाची वार्ता नेणारे. पुढील प्रकरणांतील बहुतेक कारस्थाने या दुसऱ्या, फारशा कोणाच्या नजरेत न येणाऱ्या मार्गाशी संबंधित आहेत.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे वृत्त मुख्यतः तारेने जात असे. १८७२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या एक्स्चेंज टेलिग्राफ कंपनीची यंत्रे कागदी फितीवर बाजारभाव व पुढे शर्यतीचे निकालही छापू लागली. तथापि सर्वसामान्य पैजवाल्याचा फलक म्हणजे वृत्तपत्राचा स्तंभ हाच होता. 'स्पोर्ट्‌समन' आणि 'स्पोर्टिंग लाइफ' या दोन पत्रांत आलेला निकाल पाहून बुकी पैसे चुकते करीत.

१ ऑगस्ट १८९८ रोजी बँकेच्या सुटीचा दिवस होता व त्या दिवशी ठिकठिकाणी लहानमोठ्या शर्यती होत्या. कॉर्नवॉल परगण्यातील 'ट्रॉडमोर' नामक मैदानावरील शर्यतींचा कार्यक्रम 'स्पोर्ट्‌समन'ने छापला. तो एका पत्राने संपादकांकडे आला होता, व निकाल कळविण्याची व्यवस्थाही पत्रलेखकानेच अंगावर घेतली होती. पुढे निकाल प्रसिद्ध झाला. 'रीपर' नावाचा घोडा एकास पाच या भावाने जिंकला होता. अनेक बुकींनी पैसे दिले. 'स्पोर्टिंग लाइफ'ने हाच निकाल नंतर छापला. परंतु त्यात रीपरचा भाव दोनास पाच असा पडला. एका आकड्याच्या या फरकामुळे, कोणता भाव खरा, असा प्रश्न उपस्थित झाला. चौकशी करता असे आढळले की, रीपर नावाचा घोडा त्या दिवशी कोठे धावलाच नव्हता, आणि ट्रॉडमोर नावाचे मैदानही कॉर्नवॉलमध्ये नव्हते.

भाषेच्या व पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे प्रकरण विशेष बोधप्रद वाटेल. दोन पोथ्यांत एकच वाचन असले म्हणजे ते प्रमाण ठरत नाही. त्या दोन पोथ्या एकमेकींवरून उतरविलेल्या आहेत की स्वतंत्र आहेत, हे आधी पाहावे लागते. ट्रॉडमोरच्या बाबतीत दोन पत्रे म्हणजे दोन साक्षीदार असा समज होता. प्रत्यक्षात मूळ एकच होते व तेही बनावट होते. नकलेत पडलेल्या चुकीने मुळाचे खोटेपण उघडकीस आणले. दोषाचा हा पहिला प्रकार होय : मार्ग निर्दोष आहे, यंत्र निर्दोष आहे, परंतु संदेशच असत्य आहे. असा दोष तारेची तपासणी करून कधीही सापडणार नाही. त्यासाठी संदेशाला दुसरा, स्वतंत्र आधार मागावा लागतो.

४

विसाव्या शतकात तारेची जागा दूरध्वनीने घेतली. मैदानापर्यंत खास मार्ग टाकून बाहेरील बुकींचा पैसा आत कळविण्याची जी सेवा उभी राहिली, तिला धंद्यातील लोक 'ब्लोअर' म्हणत. इंग्रजी बोलीत हा शब्द दूरध्वनीसाठी रूढ होता. जुन्या घरांत व जहाजांत बोलण्याच्या नळ्या असत; एका टोकाला फुंकर मारली की दुसऱ्या टोकाची शिटी वाजे व माणूस नळीपाशी येई. तेथून हे नाव आले असे सामान्यतः मानले जाते. नवे साधन जुन्या साधनाच्या नावाने ओळखले जावे, याचे हे एक चांगले उदाहरण आहे. मैदानात पोहोचलेली वार्ता पुढे हातमोजे घातलेले 'टिकटॅक' लोक हातांच्या खुणांनी बुकींपर्यंत नेत. जाळ्याचा अखेरचा तुकडा अशा रीतीने शुद्ध खुणांच्या भाषेचा होता.

१६ जुलै १९५३ रोजी बाथ येथील मैदानावर दुपारच्या एका साध्या शर्यतीत 'फ्रँकासाल' नावाने धावलेला घोडा एकास दहा या प्रारंभभावाने जिंकला. देशभर त्याच्यावर भारी रकमा लागल्या होत्या. इतका पैसा लागला असता भाव निश्चितच कोसळावयास हवा होता. परंतु शर्यतीपूर्वी सुमारे अर्धा तास मैदानाची दूरध्वनीची तार तोडण्यात आली होती. बाहेर काय चालले आहे हे आतील बुकींना कळलेच नाही. बुकींना संशय आला व पैसे रोखण्यात आले. फ्रँकासालच्या नावाने 'सांता अमारो' हा अधिक वेगवान घोडा धावला होता असे तपासात सिद्ध झाले, आणि १९५४ साली चौघांना शिक्षा झाली.

येथे दोष दुसऱ्या प्रकारचा आहे. संदेश खरा होता, पण मार्ग तुटलेला होता. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, मैदानावरील फळ्यावर एकही आकडा चुकीचा लिहिलेला नव्हता. तेथे जे कळले होते त्यानुसार भाव बरोबरच होता. आकडे जुन्या ज्ञानावर आधारलेले होते, एवढेच. मौन आणि 'काही नवे नाही' ही दोन्ही ऐकणाऱ्याला सारखीच भासतात, ही जाळ्याची मूलभूत अडचण बाथने दाखवून दिली.

५

तोपर्यंत ब्रिटनमध्ये मैदानाबाहेर रोख पैज घेणे बेकायदेशीर होते; १९०६ च्या कायद्याने रस्त्यावरील पैजेवर बंदी घातली होती व तरीही ती गल्लोगल्ली चाले. १९६० च्या कायद्याने परवानाधारक दुकानांस मुभा दिली, आणि १ मे १९६१ पासून ती उघडू लागली. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १०,००० दुकाने निघाली. दुकान गिऱ्हाइकाला रेंगाळण्याचा मोह पाडणारे नसावे, असा कायद्याचा रोख होता. दूरचित्रवाणी संच ठेवण्यास मनाई होती. वृत्त येई ते ध्वनिक्षेपकातून, एक्स्चेंज टेलिग्राफच्या निवेदकाच्या आवाजात. ते ऐकून एक नोकर भिंतीवरील फळ्यावर भाव व निकाल लिहीत असे. त्याला 'बोर्डमन' म्हणत. ऐकणे, लिहिणे व पुसणे ही तिन्ही कामे त्याची. घाईत ऐकण्यात चूक झाली तर ती दुकानापुरतीच राही, आणि ती पकडणारे गिऱ्हाईकही समोरच उभे असे, कारण आवाज दोघेही ऐकत.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा २६ ऑगस्ट १९७४ रोजी दिसून आला. इंग्लंडच्या वायव्येकडील कार्टमेल हे लहानसे मैदान. तेथे ब्लोअरचा मार्गच नव्हता. 'गे फ्यूचर' या घोड्यावर अनेक दुकानांतून जोडपैजा लावण्यात आल्या. जोडीला अन्यत्र धावावयाचे दोन घोडे दाखविले होते. ते घोडे शर्यतीतून काढून घेण्यात आले, आणि नियमाप्रमाणे सर्व रक्कम गे फ्यूचरवर एकवटली. बुकींना शंका आली तेव्हा मैदानाशी संपर्क साधण्यास सोयीचा मार्ग नव्हता. माणूस मोटारीने पाठवावा तर सुटीच्या दिवसाची रहदारी आडवी आली. घोडा एकास दहा या भावाने पंधरा घोडालांबी राखून जिंकला. १९७६ साली प्रेस्टन येथे खटला होऊन कटाबद्दल दोष सिद्ध झाला, तथापि दंड नाममात्र होता.

बाथला तार तोडावी लागली. कार्टमेलला तशी गरजच पडली नाही. जाळे कोठे पोहोचत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते बिघडविण्याचे श्रम करावे लागत नाहीत. हा तिसरा प्रकार रचनेतील उणिवेचा आहे, आणि तो दुरुस्तीने नव्हे तर मांडणीच्या वेळीच टाळावयाचा असतो.

६

१९८६ मध्ये दुकानांत दूरचित्रवाणी संच ठेवण्यास परवानगी मिळाली, आणि १९८७ पासून सॅटेलाइट इन्फर्मेशन सर्व्हिसेस ही संस्था सांकेतिक रूपातील चित्र उपग्रहामार्फत दुकानांना पुरवू लागली. ध्वनिक्षेपक मागे पडला व कालांतराने बोर्डमनही गेला. २००७ मध्ये 'टर्फ टीव्ही' ही दुसरी वाहिनी आल्यावर एकाच भिंतीवर दोन उगमांचे वृत्त एकत्र आणण्याचा प्रश्न उभा राहिला. छपरावरील तबकडी, संकेत उलगडणारी पेटी, तेथून स्विच व त्याला जोडलेले पडदे, अशी रचना सामान्य झाली. पुढे प्रत्येक पडद्यामागे एक लहान संगणक आला व प्रत्येकास जाळ्यातील स्वतंत्र पत्ता मिळाला.

या रचनेतील दोष वरील तीन प्रकारांचेच नव्या वेषातील अवतार आहेत. दोन यंत्रांना एकच पत्ता दिला गेला तर दोघांचे वृत्त आलटून पालटून तुटते. एकच चित्र अनेक पडद्यांना वाटताना स्विचने ते केवळ मागणाऱ्यांनाच द्यावे अशी योजना केली नाही, तर ते सर्वत्र पसरून जाळे तुंबते. जोरदार पावसात तबकडीचा संकेत क्षीण होतो. या सर्वांत काळा पडदा हा सर्वांत निरुपद्रवी दोष म्हणावा लागेल, कारण तो स्वतःच आपली कबुली देतो. भावाचा पडदा मात्र गोठून राहिला, तर तो दिसावयास सुस्थितीतलाच दिसतो. बाथच्या फळ्यावरील आकडेही असेच सुस्थितीत दिसत होते.

यात वेळेचा एक नवा प्रश्न मिसळला आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. संकेताला वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो, आणि चित्र आकुंचित करून पुन्हा उलगडण्यात आणखी वेळ जातो. आकडे मात्र वेगळ्या मार्गाने अधिक लवकर येऊ शकतात. परिणामी एकाच भिंतीवरील दोन पडदे दोन वेगळे क्षण दाखवीत असतात. म्हणून शर्यत सुटली की नाही याचा निर्णय चित्र पाहून करीत नाहीत; नोंदलेल्या सुटण्याच्या वेळेनंतरची पैज रद्द ठरते.

दोष शोधण्याची रीतही नवी नाही. एकोणिसाव्या शतकात तारखात्याचे अभियंते सदोष तारेच्या दूरच्या टोकाला एक निर्दोष तार जोडून दोहोंच्या रोधाची तुलना करीत व दोष किती अंतरावर आहे याचे गणित मांडीत. मरे व व्हार्ली यांच्या नावांनी या चाचण्या प्रसिद्ध आहेत. आज तंत्रज्ञ बंद पडद्याच्या जागी चालू पडदा आणून ठेवतो, मग दोर बदलतो, मग स्विचचे छिद्र बदलतो, आणि दोष अलीकडे आहे की पलीकडे हे पाहत क्षेत्र अर्ध्या-अर्ध्याने कमी करीत जातो. तत्त्व एकच : निर्दोष म्हणून ठाऊक असलेल्या वस्तूशी तुलना केल्यावाचून दोषाचे स्थान कळत नाही.

७

यावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, शर्यतवृत्ताच्या जाळ्यातील दोष संदेशाचा आहे, मार्गाचा आहे की रचनेचा आहे, हे ठरविणे ही शोधाची पहिली पायरी होय. तिन्हींचे उपाय भिन्न आहेत. दुसरा, जाळे जसजसे वेगवान झाले तसतसे त्यातील मानवी साक्षीदार कमी झाले. बोर्डमन चुकत असे, परंतु आवाज बंद पडला की तो लगेच सांगतही असे. पडदा तसे सांगत नाही. सबब प्रत्येक पडद्यावर शेवटचे वृत्त केव्हा आले ती वेळ दिसणे, आणि दोन उगम खरोखर स्वतंत्र आहेत याची खातरजमा असणे, या गोष्टी मांडणीच्या वेळीच ठरवावयास हव्यात. तिसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीचा आहे. वृत्तवहनाच्या इतिहासाची साधने कंपन्यांच्या अहवालांपेक्षा न्यायालयाच्या कागदपत्रांत व वृत्तपत्रांच्या चूकदुरुस्तीत अधिक सापडतात. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पाठभेदांना जे महत्त्व दिले गेले, तेच येथे आकड्यांतील भेदांना दिले पाहिजे. रीपरचा भाव दोन्ही पत्रांत सारखाच छापला गेला असता, तर ट्रॉडमोर हे नाव कदाचित शर्यतींच्या वार्षिक सूचीत आजही एक खरे मैदान म्हणून वाचावयास मिळाले असते.