शिकवून परत धाडलेल्या पेशी

गेल्या पावसाळ्यांत बोरीस माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. त्याच्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचें परभणीस निदान झालें होतें. बसतां बसतांच त्यानें विचारलें, "गुरुजी, माणसाचेंच रक्त काढून घेतात, त्याला शिकवितात, आणि तेंच औषध म्हणून परत देतात म्हणे. खरें कां? आणि आमच्यासारख्यांना तें मिळेल कां?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत आहे, दुसऱ्याचें बरेंचसें हिशेबांत. त्या मुलाच्या निमित्तानें मीं जें वाचलें, विचारलें व समजून घेतलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

शरीरास रोगाशीं लढावयास शिकवितां येतें, ही कल्पना मुंबईला नवी नाहीं. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईंत देवीची लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत यशस्वी झालेली ती पहिली लस. तिच्या हातावरील फोडांतला रस पुढें दुसऱ्या मुलांना टोंचला गेला, आणि असाच हातोहात तो देशभर गेला. पुढें प्लेगच्या धुमाळींत, १० जानेवारी १८९७ रोजीं, हाफकिन यांनीं मुंबईंत आपणच तयार केलेली लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परंतु देवीचा काय किंवा प्लेगचा काय, रोग आणणारा परका असतो. शरीराचे पहारेकरी त्याला एकदां ओळखूं लागले, कीं निम्मी लढाई जिंकली. कर्करोगाची पेशी मात्र घरचीच असते. घरचेंच माणूस वाट सोडून वागूं लागलें, तर देवडीवरच्या शिपायानें त्याला अडवावें कसें?

हा प्रश्न न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य विल्यम कोली यांना छळीत होता. एका रोग्याच्या मानेवरील असाध्य गांठ, त्याला धांवरें होऊन मोठा ताप येऊन गेल्यावर, विरून गेल्याची नोंद त्यांना रुग्णालयाच्या जुन्या दप्तरांत सांपडली. १८९१ सालीं त्यांनीं मुद्दाम धांवऱ्याचे जंतु रोग्यांना टोंचून ताप आणण्यास प्रारंभ केला. कांहीं सुधारले, कांहीं त्या तापानेंच दगावले. त्यांच्या समकालीनांनीं त्यांस फारसें मानलें नाहीं, आणि क्ष-किरणांचा उपचार आल्यावर ही वाट पुष्कळशी बुजली. मला स्वतःला कोलींविषयीं आदर वाटतो, तो त्यांच्या औषधासाठीं नव्हे, जुनें दप्तर चाळण्याच्या चिकाटीसाठीं.

शिपाई कोण, हें कळावयास आणखी सत्तर वर्षें जावीं लागलीं. छातीच्या हाडामागें थायमस नांवाची एक ग्रंथि असते. ती निरुपयोगी आहे, असेंच बहुतेक वैद्य समजत. १९६१ सालीं लंडन येथें जॅक मिलर यांनीं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथि काढून पाहिली, तों त्या पिलांची रोगाशीं झुंजण्याची शक्तीच नाहींशी झाल्याचें दिसून आलें. तेथें तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींना पुढें तिच्या नांवावरून टी-पेशी म्हणूं लागले. या ग्रंथीला शरीराची शाळा म्हणण्याचा मोह मला आवरत नाहीं. स्वकीय कोण आणि परका कोण, हें तेथें शिकवितात. आणि जी पेशी स्वकीयांवरच धांवून जाईल, तिला नापास करतात. नापास करणें म्हणजे तेथें मारून टाकणें. आमच्या काळच्या कडक हेडमास्तरांनींहि इतकी मजल गांठली नव्हती.

पण पेशी शिकवावयाची, तर ती शरीराबाहेर जगविली पाहिजे. या विद्येचा पाया मुंबईंत कोणीं घातला, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. कमल समर्थ, म्हणजेच पुढच्या कमल रणदिवे, यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यास झाला व शिक्षण हुजूरपागेंत आणि फर्ग्युसन महाविद्यालयांत झालें. मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं त्यांनीं कर्करोगावर संशोधन केलें व १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली. नंतर त्या अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेंत गेल्या. मानवी पेशींचा न संपणारा वंश कांचपात्रांत प्रथम वाढला तो याच गे यांच्याकडे, १९५१ सालीं. तेथील विद्या घेऊन रणदिवेबाई परत आल्या आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रांत पेशी वाढविण्याची आपल्या देशांतली पहिली प्रयोगशाळा त्यांनीं उभी केली. आजचा उपचार त्यांच्या संशोधनांतून निघाला, असें म्हणणें ही अतिशयोक्ति होईल. त्यांचा विषय वेगळा होता. परंतु जिवंत पेशीला बाहेर काढून खाऊंपिऊं घालावयाचें, जंतूंपासून जपावयाचें, दुसऱ्या दिवशीं ती जगली आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, हें हाताचें कसब पुस्तकांतून येत नाहीं. तें एका पिढीनें दुसरीच्या हातीं द्यावें लागतें.

पुढचें पाऊल इस्राएलांत पडलें. रक्तांत प्रतिपिंडें म्हणून जे पदार्थ असतात, त्यांची नजर तीक्ष्ण, पण स्वतः मारण्याची ताकद थोडी. टी-पेशी मारण्यांत पटाईत, परंतु घरच्या वेषांतला वैरी तिला ओळखूं येत नाहीं. वाइझमन संस्थेंतील झेलिग एश्हार व गिडियन ग्रॉस यांनीं १९८९ सालीं एकाची नजर दुसरीच्या अंगावर बसविली. गावरान आंब्याच्या रोपावर केशरचें कलम बांधावें, तसा हा प्रकार. अशा पेशींना आतां सर्वत्र कार-टी म्हणतात. त्यांत सुधारणा होतां होतां वीसएक वर्षें गेलीं. २०१२ सालीं फिलाडेल्फियास सहा वर्षांच्या एका मुलीला, साऱ्या औषधांनीं हात टेंकल्यावर, कार्ल जून यांच्या गटानें तयार केलेल्या अशा पेशी देण्यांत आल्या. पेशी इतक्या त्वेषानें लढूं लागल्या, कीं तापानें मुलगीच मरणाच्या दारीं गेली. तिच्या रक्तांत एक विशिष्ट द्रव्य बेसुमार वाढलें आहे असें तपासणींत दिसलें, आणि तें आंवरणारें एक औषध जून यांना ठाऊक होतें, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता व तें औषध त्या रोगावरचें होतें. तें दिलें, आणि मुलगी वांचली. ३० ऑगस्ट २०१७ रोजीं अमेरिकेनें या उपचारास मान्यता दिली. किंमत ठरली पावणेपांच लाख डॉलर.

आतां मुंबईकडे वळूं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. वर्षभरानें त्यांचे पति सर दोराबजीहि गेले. त्यांच्या द्रव्यनिधींतून परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. ज्या रोगानें त्या बाई गेल्या, त्याच जातीच्या रोगांवर त्याच संस्थेनें हा उपचार देशांत प्रथम करून दाखविला. पवईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक राहुल पुरवार यांनीं पेशी घडविण्याचें तंत्र बसविलें, टाटाचे डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला व त्यांचे सहकारी यांनीं रोग्यांवर त्याची परीक्षा घेतली. जून २०२१ मध्यें खारघरच्या केंद्रांत पहिल्या रोग्याला या पेशी दिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारी परवानगी मिळाली व ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांनीं पवईस जाऊन हा उपचार देशाच्या स्वाधीन केला. त्याचें नांव नेक्स-कार-१९.

करतात तें असें. रोग्याचें रक्त एका यंत्रांतून फिरवून पांढऱ्या पेशी तेवढ्या काढून घेतात व उरलेलें रक्त परत देतात. प्रयोगशाळेंत एक विषाणु, एड्सच्याच कुळांतला पण नांगी मोडलेला, नव्या नजरेचा आराखडा टी-पेशींत नेऊन पोंचवितो. मूळ परदेशी पद्धतींत ही नजर उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेली असते; मुंबईकरांनीं ती माणसाच्या वळणावर आणली. मग पेशी कोट्यवधि होईपर्यंत वाढवितात, गोठवितात, आणि सलाइनसारख्या नळीनें रोग्याच्या शिरेंत सोडतात. कांहीं मिनिटांचें काम. त्या नव्या नजरेला मात्र सीडी-१९ ही एकच खूण कळते, आणि ती खूण कांहीं निरोगी पेशींवरहि असते. म्हणून रोगासोबत त्याहि मारल्या जातात व रोग्याला पुढें बराच काळ इतर संसर्गांपासून जपावें लागतें.

२०२५ सालीं लॅन्सेटच्या रक्तरोगविषयक मासिकांत ६४ रोग्यांवरील अनुभव छापून आला. ज्यांचा रोग औषधांना दाद देत नव्हता किंवा उलटला होता, अशांपैकीं सुमारें ७३ टक्क्यांस गुण आला. गुण येणें म्हणजे कायमचें बरें होणें नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. उपचार बाजारांत आला तेव्हां किंमत तीस ते चाळीस लाख रुपये सांगितली गेली. बाहेर तीनचार कोटि लागतात. माझ्या मतें मुंबईचा पराक्रम शोधाचा नाहीं, तो या दहाव्या हिश्श्याचा आहे. हें वाक्य मीं माझ्या विद्यार्थ्यापुढेंहि उच्चारलें. तो तीस लाख म्हणजे कापसाचे किती हंगाम, हें बोटांवर मोजूं लागला, आणि मध्येंच मोजावयाचें सोडून उठला.

मग मीं त्याला बसवून घेतलें व दुसरी गोष्ट सांगितली. नेक्स-कार-१९ ची परवानगी पंधरा वर्षें व त्यावरील रोग्यांपुरती होती, आणि तीहि साधे उपचार हरल्यावर. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, तो जुन्या, साध्या औषधांनींच बहुसंख्य मुलांत बरा होतो. अट एवढीच, कीं वेळीं जावें आणि मध्यें सोडूं नये. त्याच्या मुलाच्या कागदांवर तोच प्रकार लिहिलेला होता. तो त्याच आठवड्यांत परभणीहून रात्रीच्या गाडीनें मुलाला घेऊन मुंबईस गेला. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेंत त्यांना जागा मिळाली. औषधें अडीचएक वर्षें चालावयाचीं आहेत. परवां त्याचा फोन आला, तो मुलाच्या रक्ताचे आंकडे सांगण्यासाठीं असेल असें मला वाटलें. त्याला हवीं होतीं दुसरीचीं पुस्तकें. तीं मीं एस. टी. नें धाडलीं आहेत.