लाइपझिकचे ध्वनिनियम आणि मुंबईची सात व्याख्याने

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच कुळातील असाव्यात हे सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले, ही हकीकत आपल्याकडील सुशिक्षितांना ठाऊक असते. परंतु त्या एका विधानापासून, विद्यापीठात रीतसर शिकवता येईल, ज्यावर परीक्षा घेता येईल आणि ज्यातली चूक दुसऱ्याने पुराव्यानिशी दाखवून देता येईल, असे शास्त्र कसे उभे राहिले, हा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. तो सांगण्यात आपलाही हक्कसंबंध आहे, कारण या शास्त्रातील बहुतेक मोठ्या वादांत संस्कृतचीच साक्ष काढण्यात आली, आणि त्याच साक्षीने अखेर संस्कृत ही या कुळाची माता नसून भगिनी आहे, हेही सिद्ध केले.

आरंभीची पायरी फ्रान्झ बॉप यांची. पॅरिसमध्ये संस्कृतचा अभ्यास करून त्यांनी १८१६ साली क्रियापदांच्या तौलनिक रूपरचनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८२१ पासून बर्लिन येथे अध्यापन सुरू केले. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतील व्यंजनांच्या स्थलांतराचा नियम मांडला. संस्कृतातील 'प'च्या जागी जर्मानिकमध्ये 'फ' आणि 'त'च्या जागी 'थ' येतो हे त्यातून दिसले. पण अपवाद इतके उरले, की त्याला नियम म्हणावे की केवळ प्रवृत्ती, हा प्रश्न पुढची पन्नास वर्षे अनिर्णीत राहिला.

तो प्रश्न धसास लावण्याचे श्रेय लाइपझिक विद्यापीठाला द्यावे लागते. तेथे १८७६ च्या सुमारास ऑगस्ट लेस्कीन यांच्याभोवती जमलेल्या तरुण अभ्यासकांनी, ज्यांना पुढे नव-वैयाकरण हे नाव मिळाले, असा आग्रह धरला की ध्वनिनियमाला अपवाद नसतो. अपवाद दिसत असेल, तर नियमाचे एखादे कलम आपल्याला अद्याप सापडलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. वयाने आणि मानाने मोठे असलेले गेओर्ग कुर्टिउस त्याच विद्यापीठात होते, आणि त्यांच्या नियतकालिकाच्या संपादनात कार्ल ब्रुगमान हे सहकारी होते. अनुनासिक व्यंजन स्वराचे कार्य करू शकते, व म्हणूनच लॅटिनच्या 'केंतुम्'मधील अनुनासिक संस्कृतच्या 'शत'मध्ये नाहीसे झालेले दिसते, हा सिद्धान्त ब्रुगमान यांनी कुर्टिउस यांच्या गैरहजेरीत त्याच नियतकालिकात छापला. गुरूने आपली जबाबदारी झटकली, संबंध दुरावले, आणि ते नियतकालिकही १८७८ मध्ये थांबले. सिद्धान्त मात्र टिकला.

या आग्रहाला सर्वांत मोठे बळ डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नर यांच्याकडून मिळाले, आणि ते प्रकरण वैदिक पाठाच्या परंपरेत वाढलेल्या कोणाही मराठी वाचकाने मन लावून पाहण्याजोगे आहे. 'पितृ' आणि 'भ्रातृ' या दोन्ही शब्दांत संस्कृतात मध्ये 'त'च आहे. मग गॉथिक भाषेत 'ब्रोथर'मध्ये नियमाप्रमाणे 'थ' आणि 'फदर'मध्ये मात्र 'द' का, याचे उत्तर ग्रिम यांच्याजवळ नव्हते. व्हेर्नर यांनी दाखविले की 'भ्रातृ' आद्युदात्त आहे आणि 'पितृ' अन्तोदात्त आहे; ज्या शब्दात उदात्त स्वर व्यंजनाच्या लगेच पूर्वी येतो तेथे 'थ' टिकला, आणि जेथे तो पूर्वी नाही तेथे घोष होऊन 'द' झाला. म्हणजे जर्मानिक भाषांतील एका व्यंजनाचे कारण वेदपाठकांनी मुखपरंपरेने जपलेल्या उदात्तात सापडले. हा लेख १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि अपवाद हाही नियमच असू शकतो, याचा याहून स्वच्छ दाखला त्या शास्त्राला पुढेही क्वचितच मिळाला असेल.

त्याच दशकात आणखी एक नियम कित्येक विद्वानांना जवळजवळ एकाच वेळी सुचला, आणि माझ्या मते आपल्या दृष्टीने त्याचे महत्त्व व्हेर्नर यांच्या नियमाहूनही अधिक आहे. 'कृ' धातूचे परोक्षभूताचे रूप 'चकार' होते, 'ककार' होत नाही. अभ्यासातील, म्हणजे द्वित्वाने आलेल्या पहिल्या अक्षरातील, कवर्गाच्या जागी चवर्ग येतो, असे पाणिनीने सांगितले, आणि संस्कृत शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ते पाठ करीत आला. पण तसे का व्हावे? ग्रीक भाषेत अशाच रूपांच्या आरंभी 'ए' स्वर असतो: आपल्या 'जजान'च्या जोडीला ग्रीकमध्ये 'गेगोने' आहे. त्या प्राचीन 'ए'ने पूर्वीच्या 'क'ला तालव्य करून 'च' बनविले, आणि नंतर तो 'ए' संस्कृतात 'अ'मध्ये मिसळून गेला. कारण नाहीसे झाले, कार्य मागे राहिले. ही क्रिया किती स्वाभाविक आहे हे पाहण्यास दूर जावयास नको: 'माझा' आणि 'माझी' हे दोन शब्द मोठ्याने उच्चारावेत, म्हणजे पहिल्यातील दन्त्य 'झ' दुसऱ्यात 'ई'च्या सान्निध्याने तालव्य होतो, हे आपल्याच जिभेला समजेल. मात्र या नियमाने एक गोष्ट कायमची ठरली. स्वरांच्या बाबतीत ग्रीक ही संस्कृतपेक्षा अधिक जुन्या अवस्थेची राखणदार आहे, आणि म्हणून संस्कृतपासून ग्रीक निघाली, असे म्हणण्यास जागा उरली नाही. हे संस्कृतचे अवमूल्यन झाले, असे मानणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. कारण ज्या भाषेने आपल्याविरुद्ध जाणारा पुरावाही व्याकरणात इतक्या निष्ठेने जतन केला, तिची थोरवी मातृत्वाच्या सनदेवर अवलंबून नाही.

फर्दिनां द सोस्यूर हे १८७६ मध्ये लाइपझिकला आले तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. भारत-युरोपीय स्वरव्यवस्थेवरील आपल्या निबंधात, जो १८७८ च्या अखेरीस छापला गेला, त्यांनी कोणत्याही ज्ञात भाषेत न आढळणारे काही वर्ण मूळ भाषेत असलेच पाहिजेत, असे निव्वळ रूपांच्या हिशेबावरून ठरविले. पुढे हित्ती भाषा वाचता येऊ लागली, आणि तिच्यातील 'ह' त्या स्थानांशी जुळतो, हे पोलंडच्या कुरिलोविच यांनी १९२७ मध्ये दाखविले. तोवर सोस्यूर दिवंगत होऊन चौदा वर्षे लोटली होती. त्यांच्या डॉक्टरेटचा विषय संस्कृतातील सति षष्ठीचा प्रयोग हा होता, हे येथे आवर्जून नमूद करतो.

व्हेर्नर यांचा लेख ज्या साली प्रसिद्ध झाला, त्याच १८७७ साली मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या व्याख्यानमालेत सात व्याख्याने दिली. संस्कृतचा विकास, पाली, प्राकृत व अपभ्रंश, मग देशी भाषांचे ध्वनी, जुन्या रूपांचे अवशेष, नवी रूपे आणि शेवटी या सर्वांचे परस्परसंबंध, असा त्यांचा क्रम होता. आणि मराठी, गुजराती, हिंदी, सिंधी, पंजाबी, बंगाली व उडिया या भाषांची रूपे एका पंक्तीत मांडून त्यांनी दाखविली. शास्त्र्यांच्या पद्धतीने व्याकरण शिकलेला आणि युरोपीय तौलनिक पद्धतीत तितकाच मुरलेला हा पंडित होता, म्हणून वररुची आणि हेमचन्द्र या प्राकृत वैयाकरणांची सूत्रे त्यांच्या हाती पाठांतराचा विषय न राहता ऐतिहासिक दप्तर बनली. ही व्याख्याने ग्रंथरूपाने १९१४ साली बाहेर आली.

सोस्यूर यांनी पॅरिसमध्ये शिकविलेल्या आंत्वान मेये यांच्या हाताखाली ज्यूल ब्लॉक तयार झाले, आणि ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपला प्रबंध १९१४ मध्ये सिद्ध केला, जो महायुद्धामुळे १९२० मध्ये छापला गेला. लाइपझिकमध्ये कसून तपासलेली शिस्त अशा रीतीने दोन पिढ्यांत मराठीपर्यंत पोहोचली. मध्यंतरी १९१६ मध्ये आर. एल. टर्नर यांनी भारत-युरोपीय आघाताच्या खुणा मराठीत शिल्लक आहेत, असे प्रतिपादन केले. ते सर्वांना मान्य झाले नाही. पण व्हेर्नर यांनी गॉथिकला विचारलेला प्रश्न मराठीलाही विचारता येतो, एवढे त्यातून दिसले. ब्लॉक यांच्या ग्रंथाला जोडलेली मराठी शब्दांची व्युत्पत्तिसूची अभ्यासकांना आजही उघडावी लागते. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 'मराठी भाषेचा विकास' या नावाने या ग्रंथाचे भाषांतर १९४१ साली मराठीत आणले. तत्पूर्वी दोनच वर्षे पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले होते, आणि भारत-युरोपीय भाषाशास्त्राचे अध्यापक म्हणून तेथे सुमित्र मंगेश कत्रे यांची नेमणूक झाली होती.