फुलराणी, यंत्र आणि आपली मुलं



कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये आणि मागच्या पाड्यांमध्येही, मुलं आता चॅटजीपीटीला प्रश्न विचारतात. गृहपाठ विचारतात, मनातलंही बोलतात. त्यांच्याशी याबद्दल काय बोलावं हे ठरवण्याआधी, अशा यंत्राची जुनी हकिगत आम्ही तुम्हाला सांगतो.

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम लोकांपुढे आणला. नाव घेतलं बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलवालीचं. पु. ल. देशपांडे यांनी तेच नाटक मराठीत 'ती फुलराणी' म्हणून आणलं. त्यातली मंजुळा आपल्या ओळखीची. तिलाही बोलायला शिकवतात, पण तिला मन आहे, राग आहे. एलायझाला यातलं काहीच नव्हतं. 'आईची काळजी वाटते' असं लिहिलं, की 'आई' हा शब्द पकडून ती म्हणणार, 'घरच्यांबद्दल आणखी सांगा.'

वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं हा प्रोग्रॅम तयार होताना पाहिला होता. तरी दोनचार वाक्यं झाल्यावर तिनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. जाणत्या बाईला यंत्रापाशी एकांत हवासा वाटला, मग आपल्या बारा वर्षांच्या मुलीला वाटला तर नवल काय?

३० नोव्हेंबर २०२२ ला आलेला चॅटजीपीटी एलायझाच्या फार पुढचा. अफाट मजकुरावरून शिकून तो शब्दापुढे शब्द जुळवतो. त्यामुळे चुकीचं उत्तरही खऱ्यासारखंच ठासून देतो.

म्हणून ओरडू नका. ओरडलं की मूल लपवतं. शेजारी बसा, 'आज काय विचारलंस?' म्हणा. मग आपल्याला पक्कं ठाऊक असलेलं विचारायला लावा: आपल्या गावची जत्रा कधी, नाचणीच्या भाकरीची उकड कशी काढायची. कुठं चुकतं ते मुलालाच शोधू द्या. नाव, पत्ता, शाळा, फोटो त्याला द्यायचा नाही, हेही सांगा.

पाळी आली, कुणी त्रास दिला, फार उदास वाटतं, हे मूल आपल्याला सांगेल एवढी उसंत घरात हवी. रोज रात्री दहा मिनिटं आपलाही फोन बाजूला ठेवूया. मदत लागलीच, तर मुलांसाठी १०९८ ही मोफत हेल्पलाइन आहे.