पहिल्या मानकऱ्यांची उतरती कळा

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात ब्राऊन विद्यापीठ आहे. तिथल्या पेम्ब्रोक या मुलींच्या कॉलेजात १९६४ साली बर्फावरच्या हॉकीचा संघ उभा राहिला. अमेरिकेतल्या कॉलेजांमधला मुलींचा हा पहिला संघ. नाव पेम्ब्रोक पांडाज. एक विद्यार्थिनी प्रशिक्षकाच्या संमतीने शिरस्त्राण आणि पॅड चढवून पुरुषांच्या सरावात उतरली, आणि मुलींना हा खेळ झेपतो की नाही हा वाद त्या एका दिवसाने बराचसा निकालात काढला. पुढे १९७१ मध्ये पेम्ब्रोक ब्राऊनमध्ये विलीन झाले आणि संघ विद्यापीठाचा झाला. १९९८, २००० आणि २००२ अशा तीन वर्षी ब्राऊनच्या मुली राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात पोचल्या आणि तिन्ही वेळा हरल्या. शेवटच्या वेळी मिनेसोटा-डुलुथकडून अवघ्या २-३ अशा फरकाने. तिथून जी उतरती कळा लागली ती लागलीच. त्यानंतरच्या दोन दशकांत हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत दिसला नाही. माझे म्हणणे असे, की या घसरणीचे कारण बर्फावर शोधून सापडणार नाही. ते कायद्यात आणि विद्यापीठांच्या जमाखर्चात आहे. त्यातही गंमत अशी, की ज्या कायद्याने ब्राऊनच्या मुलींना बळ दिले, त्याच कायद्याने त्यांचे प्रतिस्पर्धी घडवले.

कोणताही संघ हरू लागला की खापर आधी प्रशिक्षकाच्या डोक्यावर फुटते. ब्राऊनमध्ये १९८९ पासून २०११ पर्यंत डिजिट मर्फी या एकाच बाई प्रशिक्षक होत्या. संघाला तीनदा अंतिम फेरीत नेले ते त्यांनीच, आणि नंतरची पडती वर्षेही त्यांचीच. त्या गेल्यावर दुसरे प्रशिक्षक आले, पण जुने दिवस परतले नाहीत. शिकवणारी व्यक्ती तीच असताना आधी यश आणि मग अपयश येत असेल, आणि ती बदलूनही अपयश हटत नसेल, तर मधल्या काळात भोवतालचे काय बदलले हेच पाहावे लागते.

मुलींची ही हॉकी फार काळ अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मोजक्या कॉलेजांपुरती होती. ब्राऊन, प्रॉव्हिडन्स, न्यू हॅम्पशर, हार्वर्ड, डार्टमथ, कॉर्नेल अशी ती नावे. १९९८ मध्ये जपानच्या नागानोत महिलांची आइस हॉकी प्रथमच हिवाळी ऑलिंपिकमध्ये आली आणि अमेरिकेने कॅनडाला ३-१ असे हरवून सुवर्णपदक घेतले. त्या संघाची कर्णधार कॅमी ग्रॅनॅटो प्रॉव्हिडन्स कॉलेजची, गोलरक्षक सारा ट्यूटिंग डार्टमथची, तर टॅरा माउन्सी आणि केटी किंग या दोघी ब्राऊनच्या. शाळेत असताना माउन्सी मुलांच्याच संघातून खेळत असे, कारण तिच्या तोडीच्या मुलींचा संघच तिथे नव्हता. अशा हातावर मोजण्याजोग्या मुलींना पुढे खेळायचे तर जायला कॉलेजेही हातावर मोजण्याजोगीच होती. ब्राऊनच्या वैभवातला मोठा वाटा या टंचाईचा होता. हे म्हटल्याने त्या मुलींचे कर्तृत्व कमी होत नाही. पण बाजारात दुकाने चारच असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चांगले गिऱ्हाईक येतेच.

टंचाई मोडली ती कायद्याने. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असे सांगणारा ‘टायटल नाइन’ १९७२ साली आला. त्याचा खेळाच्या मैदानावरचा अर्थ मात्र न्यायालयांत हळूहळू ठरत गेला, आणि त्यातला सर्वांत गाजलेला खटला ब्राऊनविरुद्धचाच. १९९१ मध्ये विद्यापीठाने मुलींच्या व्हॉलीबॉल आणि जिम्नॅस्टिक्स संघांचा निधी काढून घेतला. पुरुषांच्या गोल्फ आणि वॉटर पोलोचाही काढला. मुली न्यायालयात गेल्या. ब्राऊनच्या विद्यार्थ्यांत मुली ५१ टक्के होत्या, खेळाडूंत मात्र ३८ टक्के. मुलींना खेळाची आवडच कमी, म्हणून संघही कमी, असा विद्यापीठाचा बचाव होता. संधीच दिली नाही तर आवड कुठून दिसणार, या मुद्द्यावर १९९६ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला. मुलींचा पहिला हॉकीसंघ मिरवणारे विद्यापीठ मुलींविरुद्ध खटला लढवते, यातली विसंगती कुणाच्याही नजरेत भरावी.

या निकालाची झळ सगळ्यांत जास्त लागायची ती मध्य-पश्चिमेतल्या अवाढव्य सरकारी विद्यापीठांना. त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघातच शंभरेक मुलगे. तो आकडा तोलायचा तर मुलींसाठी वीसपंचवीस जागांचे नवे खेळ हवे होते, आणि जिथे बर्फ, रिंक आणि प्रेक्षक आधीच होते तिथे हॉकीइतका सोयीचा खेळ दुसरा नव्हता. केवळ ब्राऊनच्या खटल्यामुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. मिनेसोटा राज्यात शाळकरी मुलींच्या हॉकीला १९९४ मध्येच अधिकृत मान्यता मिळाली होती आणि तिथल्या विद्यापीठाची तयारीही निकालाआधीची. पण खटल्याने उरलीसुरली पळवाट बुजवली. मिनेसोटाचा संघ १९९७ मध्ये सुरू झाला. १९९९ मध्ये विस्कॉन्सिन, ओहायो स्टेट आणि मिनेसोटा-डुलुथ उतरले. मिनेसोटाने प्रशिक्षक आणली ती लॉरा हॉल्डरसन, म्हणजे प्रिन्स्टनकडून खेळलेली आणि पूर्वेकडच्याच कोल्बी कॉलेजात शिकवलेली. पूर्वेची विद्या अशी पश्चिमेला गेली. २००२ मध्ये त्या विद्यापीठाने खास मुलींच्या हॉकीसाठी रिडर अरीना बांधले. ब्राऊनच्या मुली पुरुषांबरोबर १९६१ सालच्या मीहन सभागृहातच खेळत राहिल्या.

खरा फरक मात्र इमारतींचा नव्हता, शिष्यवृत्तीचा होता. कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या विभागातल्या संघाला अठरा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. ब्राऊन ज्या आयव्ही लीगमध्ये आहे तिचा नियम असा, की खेळासाठी म्हणून कुणालाही एक पैसा द्यायचा नाही. मदत मिळेल ती घरची ऐपत पाहून. तत्त्व म्हणून नियम चांगला आहे. पण मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला एकीकडे मिनेसोटात सगळे फुकट आणि दुसरीकडे ब्राऊनमध्ये फीचा मोठा हिस्सा पदरचा, अशी निवड करायची असेल तर ती कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर सबळ आक्षेप असा, की हार्वर्ड आणि कॉर्नेलही आयव्ही लीगमध्येच आहेत. हार्वर्ड २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षे अंतिम सामन्यात होते; शेवटच्या वेळी तर जेमतेम मिनिटभर उरले असताना मिनेसोटाच्या नॅटली डार्विट्झने गोल केला आणि ते ३-४ असे हरले. कॉर्नेल २०१० मध्ये तिसऱ्या जादा सत्रात हरले; त्यांच्या गोलरक्षक अमांडा माझोटाने त्या सामन्यात ६१ फटके अडवले होते. मग नियम तोच असताना एकटे ब्राऊनच का बुडाले? उत्तर त्याच ‘ऐपत पाहून’ या शब्दांत आहे. ऐपत पाहायची कशी आणि द्यायचे किती, हे प्रत्येक विद्यापीठाच्या गंगाजळीवर ठरते. प्रिन्स्टनने २००१ मध्येच कर्जाऐवजी थेट अनुदान सुरू केले, आणि हार्वर्डने २००४ मध्ये ४० हजार डॉलर्सपेक्षा कमी उत्पन्नाच्या पालकांकडून काहीही घ्यायचे नाही असे ठरवले. ब्राऊनची ठेव हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या मानाने फार लहान. प्रवेश देताना घरची ऐपत पाहायचीच नाही, ही साधी पायरी ब्राऊनने २००३ च्या प्रवेशांपासून गाठली. कॉर्नेलचे यश मी या हिशेबात पूर्ण बसवू शकत नाही, तिथे प्रशिक्षकाला आणि कॅनडाच्या जवळिकीला श्रेय द्यावेच लागेल. पण एका अपवादाने हिशेब चुकत नाही.

दुसरा आक्षेप उदार मनाचा आहे: जुने सरदार मागे पडले तर बिघडले कुठे, खेळ तर पसरला. संघांची संख्या वाढली हे खरे, पण विजेतेपदे पसरली नाहीत. २००१ पासून २०२५ पर्यंत राष्ट्रीय स्पर्धा २४ वेळा झाली, २०२० ची साथीमुळे रद्द झाली. या २४ विजेतेपदांवर पाचच नावे आहेत: विस्कॉन्सिन आठ, मिनेसोटा सहा, मिनेसोटा-डुलुथ पाच, क्लार्कसन तीन, ओहायो स्टेट दोन. २०१३ पर्यंत तर एकाच लीगबाहेरचा विजेता नव्हता. २०१४ मध्ये ती मक्तेदारी मोडणारे क्लार्कसन न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅम या छोट्या गावातले, पण वरच्या विभागात ते फक्त हॉकीच खेळते आणि हॉकीला शिष्यवृत्तीही देते. गाव लहान असले तरी थैली एकाच खेळासाठी मोकळी सोडली की काय होते, त्याचा हा दाखला.

आणि पडता काळ आला की बायकांच्या संघाचा खर्च डोळ्यांत कसा खुपू लागतो, हे खुद्द डुलुथने दाखवले. पहिली तिन्ही विजेतेपदे आणि नंतरची दोन जिंकून देणाऱ्या शॅनन मिलर यांना, संघ काही वर्षे राष्ट्रीय स्पर्धेत पोचला नाही म्हटल्यावर, डिसेंबर २०१४ मध्ये करार वाढवणार नसल्याचे सांगण्यात आले. पैशांची अडचण हे कारण पुढे केले. त्या न्यायालयात गेल्या, आणि २०१८ मध्ये ज्यूरीने लिंगभेद व सूडबुद्धी मान्य करून त्यांना सुमारे ३७ लाख डॉलर्स देववले. घसरण दिसली म्हणजे कारणही कळले, असे धरून चालणाऱ्या प्रशासनाची मखलाशी ज्यूरीला पटली नाही.

ब्राऊनने स्वतःचे निदान अखेर २०२० च्या मे महिन्यात जाहीर केले. संघ फार, पैसा अपुरा आणि आयव्ही लीगमधली विजेतेपदे फारच थोडी, असे सांगत अकरा संघांचा अधिकृत दर्जा एकदम काढला. मुलींची हॉकी त्यातून वाचली. जुन्या खटल्यातून १९९८ मध्ये मुलींच्या जागांबाबत झालेल्या तडजोडीचा भंग झाला म्हणून वाद पुन्हा न्यायालयात गेला आणि मुलींचे घोडेस्वारीचे व तलवारबाजीचे संघ परत घ्यावे लागले. त्या बदल्यात जुनी तडजोडच संपवायचे ठरले. ३१ ऑगस्ट २०२४ ला तिची मुदत संपली आणि मुलींसाठी किती जागा ठेवायच्या यावर त्या तडजोडीचे बंधन आता ब्राऊनवर नाही. उरला आहे तो कायदा, जो इतर सगळ्यांना लागू आहे तसाच.