मंडईचे नाटक आणि गावाची पेटी

मराठी नाटकाचा इतिहास आपण शाळेत शिकलो तो सांगलीपासून. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला, तिथून गाडी निघते ती पुण्यामुंबईच्या स्टेशनांवर थांबत थांबत पुढे जाते. नागपुरापर्यंत ती कधीमधी येते. नागपूरच्या पूर्वेला मात्र तिचे रूळच नाहीत. मी नागपुरात मास्तरकी करतो. उमरेड-भिवापूरकडची मुले दरवर्षी माझ्या वर्गात असतात आणि दिवाळीची सुटी संपली तरी त्यांची बाके चारदोन दिवस रिकामीच राहतात. कारण विचारले की एकच उत्तर येते, "सर, गावची मंडई होती." त्या मंडईचा आणि तिच्या पोटी जन्मलेल्या नाटकाचा इतिहास आज दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावा असे मनात आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याची पूर्वेकडची कड, एवढ्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. हा वैनगंगेच्या पाण्यावर पोसलेला तळ्यांचा आणि धानाचा देश आहे. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापून होतो, घरात दाणा येतो, हाती चार पैसे खुळखुळतात. पाडव्याला गोवारी बांधव गायगोधन खेळवतात, ढालीची पूजा करतात आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. मंडई म्हणजे जत्राच. मिठाई, बांगड्या, खेळणी, पाळणे, आणि या सर्वांहून मोठे आकर्षण म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांच्या भेटी. लेकी माहेरी आलेल्या असतात, उपवर मुलामुलींची स्थळे डोळ्यांखालून जातात. पुढे थंडी वाढली की बैलांच्या शर्यतींचा शंकरपट सुरू होतो आणि पंचक्रोशीतल्या जोड्या धुरळा उडवीत धावतात.

आता जुन्या काळचा विचार करा. दिवसभर मंडई पाहून झाली, पट संपला, सूर्य मावळला. परतीची वाट जंगलातली, वाहन बैलबंडीचे आणि वाटेत वाघाचे भय. पाहुणा जाणार कुठे? त्याला रात्रभर गावातच राहणे भाग असे. एवढ्या माणसांना निजायला जागा देण्यापेक्षा जागे ठेवणेच सोपे! दंडार आणि खडी गंमत हे प्रकार या मुलखात होतेच. त्यांच्याच अंगणात पुढे नाटक येऊन बसले. म्हणून झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. पाहुण्याची रात्र सुखाने काढून देणे, हे या नाटकाचे पहिले काम होते.

कलेला तिच्या जागेचे वळण कसे लागते हे पाहायचे असेल तर हे नाटक पाहावे. धान कापलेल्या बांधीत माती उकरायची, तिचाच चौथरा घालून त्यावर रंगमंच उभारायचा आणि उकरलेल्या खोलगट भागात प्रेक्षकांनी बसायचे, अशी जुनी रीत. भोवती कनाती, मागे रंगवलेले पडदे, पुढे पेटी-तबला आणि आडोशाला प्रॉम्प्टर. कथा कुटुंबाची असते: सासुरवास, हुंडा, दारू, भावाभावांतले वैर. गंभीर पात्रे पुस्तकी मराठी बोलतात. विनोदी पात्राने झाडीबोलीत तोंड उघडले की बांधीभर हशा पिकतो. गाण्याला 'वन्स मोअर' मिळतो. प्रेक्षागृहात पेंगुळलेले मूल आईच्या मांडीवर निजते आणि नायिकेच्या आक्रोशाने जागे होते. एकेकाळी गावचीच मुले मिशा काढून स्त्रीपात्रे करीत. पुढे धंदेवाईक मंडळ्या निघाल्या, देसाईगंज म्हणजे वडसा हे त्यांचे मोठे ठाणे झाले आणि हंगामात नागपूरहूनही नट्या आणि वाजवणारे तिकडे जाऊ लागले.

पण मला विशेष वाटते ते पैशाच्या व्यवहाराचे. नाटक ठरवते ते गावातले एखादे मंडळ. मंडळी वडशाला जातात, कंपनीशी बोली करतात, विसार देतात. कंपनीची रक्कम ठरलेली; तिकिटे विकण्याची जोखीम मंडळाची. पाऊस आला किंवा शेजारच्या गावी त्याच रात्री वरचढ नाटक लागले, तर तोटा मंडळाच्या माथी. आणि चार पैसे उरले तर? ते सहसा कोणा एकाच्या खिशात जात नाहीत. देवळाचा कळस, समाजमंदिराची भिंत, शाळेची एखादी गरज, पुढच्या वर्षीची मंडई, अशा सामाईक कामाला ते लागतात. तिकीट काढणाऱ्याला आपण धर्म करतो आहोत असे वाटतही नाही. तो नाटक पाहतो आणि गावाच्या पेटीत भर पडते.

कलावंतांनी लोककार्यासाठी खेळ केल्याचे थोर उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1920 च्या डिसेंबरात आमच्या नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन झाले, असहकाराचा ठराव पक्का झाला आणि पुढच्या वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांचा संकल्प सुटला. त्या फंडाच्या मदतीसाठी 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या धन्यांनी एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' केले. एक भामिनी, दुसरा धैर्यधर. तीनच महिन्यांनी केशवराव वारले. त्या रात्रीविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच झाले. परंतु जे मुंबईत एका रात्री घडले त्याचीच लहान आवृत्ती झाडीपट्टीत दर हंगामात गावोगाव निघते, तिची नोंद कोणी ठेवायची?

या रंगभूमीची कसोटीही लागली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. मुक्या जनावरांचे हाल हा प्रश्न खरा होता, त्याला नाक मुरडून चालणार नाही. पण पट थांबला आणि पटाच्या आधाराने होणारी नाटके उघडी पडली. 2017 साली महाराष्ट्राने कायदा केला, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य ठरवला. मधल्या काळात 2020 चा हंगाम महामारीने बुडवला. तरी नाटक मेले नाही. पट नव्हता तेव्हा गावांनी मंडईच्या आणि इतर निमित्तांनी पडदा वर नेला. पाहुण्यांसाठी जन्मलेली कला तोवर गावाची गरज होऊन बसली होती.

आता एक बोचणारी गोष्ट. हंगाम सरला, होळी पेटली की रात्रीचा राजा सकाळी शेतावर किंवा मजुरीला जातो. 2023 साली गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा, त्यांचे पाच हजार प्रयोग आणि आठशे भूमिका झाल्याचे वाचून आम्हा नागपूरकरांनाही नवल वाटले. शंभर मैलांवरचा हा माणूस दिल्लीमार्गे आमच्यापर्यंत पोचला! त्यांचा गौरव झाला, आनंद आहे. पण ज्या शेकडो नटांच्या, पेटीवाल्यांच्या, पडदे ओढणाऱ्यांच्या रात्रींवर गावांच्या पेट्या भरल्या, त्यांचा आवाज बसला, गुडघे धरले, की त्यांच्यासाठी कोणती पेटी उघडते? गावाने नाटकाच्या पैशातून देऊळ बांधले हे चांगलेच. त्यातलाच एक वाटा दरवर्षी थकलेल्या कलावंताच्या नावे बाजूला काढावा, असे एखाद्या मंडळाने ठरवले तर कळसाची उंची काही कमी होणार नाही.

वाचकहो, फराळ आटोपला की नकाशात वडसा शोधा आणि जमल्यास एक रात्र तिकडे जा. घोंगडी बरोबर घ्या, थंडी फार असते. आणि तिकीट विकत काढूनच आत जा.