मुतखड्यावरील आघाततरंग उपचार

मूत्रपिंडात किंवा मूत्रवाहिनीत अडकलेला खडा शरीराबाहेरून सोडलेल्या आघाततरंगांनी फोडायचा आणि त्याचा चुरा लघवीवाटे पडू द्यायचा, अशी ही उपचारपद्धती आहे. डॉक्टर तिला ‘ईएसडब्ल्यूएल’ किंवा ‘लिथोट्रिप्सी’ म्हणतात. परभणी जिल्ह्यात रुग्णांच्या तोंडी ‘मशीनने खडा फोडणे’ हा शब्दप्रयोग आहे. दखनी-उर्दू बोलणारी कुटुंबे मुतखड्याला पथरी म्हणतात, तर आयुर्वेदात त्याचे नाव अश्मरी. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीवर स्वतंत्र अध्याय असून शस्त्राने खडा काढण्याची रीत त्यात सांगितली आहे. शरीरात कोणतेही उपकरण न घालता मूत्रपिंडातला खडा फोडणे मात्र १९८० साली प्रथमच साधले.

या उपचाराचा उगम विमानाच्या कारखान्यात आहे. स्वनातीत वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूत आघाततरंग उमटतात. त्यांचा अभ्यास करणाऱ्या जर्मनीतील डॉर्निअर कंपनीच्या तंत्रज्ञांना हे तरंग मऊ ऊतींतून फारशी इजा न करता पार होतात आणि कठीण, ठिसूळ वस्तू मात्र फोडतात, असे आढळले. म्युनिक विद्यापीठातील वैद्यांच्या साहाय्याने यंत्र तयार झाले आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी क्रिस्तियान शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केला. सुरुवातीच्या यंत्रांत रुग्णाला पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात बसवावे लागे, कारण आघाततरंग हवेतून नीट जात नाहीत. पुढे टबाची जागा पाण्याने भरलेल्या रबरी उशीने घेतली. आता पाठीला किंवा कुशीला जेल लावून ती उशी टेकवली की पुरते.

तरंग निर्माण करण्याच्या तीन रीती रूढ आहेत : पाण्याखाली विजेची ठिणगी पाडणे, विद्युतचुंबकाने धातूचा पडदा हादरवणे आणि दाबविद्युत स्फटिकांना एकाच वेळी कंप देणे. तिन्हींत तरंग एका बिंदूवर एकवटतात आणि तो बिंदू क्ष-किरणाने किंवा सोनोग्राफीने पाहून नेमका खड्यावर आणला जातो. एका बैठकीत साधारण दोन ते चार हजार आघात दिले जातात आणि पाऊण ते एक तास लागतो. घाई केल्याने काम चांगले होत नाही. मिनिटाला सुमारे ६० आघातांची संथ गती ठेवली तर खडा अधिक बारीक फुटतो. जोरही हळूहळू वाढवावा लागतो, त्याने मूत्रपिंडाला होणारी इजा कमी होते. बहुतेक प्रौढांना वेदनाशामक व गुंगीचे औषध पुरते आणि अनेकजण त्याच दिवशी घरी जातात. उपचारानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होणे आणि कुशीवर काळेनिळे डाग दिसणे अपेक्षितच असते.

उपचार यशस्वी होईल की नाही हे बरेचसे खडाच ठरवतो. मूत्रपिंडातला २० मिलिमीटरपेक्षा लहान खडा हा या पद्धतीचा नेहमीचा विषय आहे. खडा खालच्या कप्प्यात असेल तर चुरा वर चढून सहज बाहेर पडत नाही, म्हणून तिथे १० मिलिमीटरची मर्यादा पाळणे बरे. सीटी स्कॅनवर खड्याची घनता १००० हौन्सफिल्ड एककांच्या वर असली, किंवा रुग्ण स्थूल असून त्वचेपासून खड्यापर्यंतचे अंतर १० सेंटिमीटरहून जास्त असले, तर यशाची शक्यता घटते. सिस्टीनचे आणि कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचे खडे दाद देत नाहीत. युरिक आम्लाचे खडे साध्या एक्स-रेवर दिसत नाहीत, परंतु लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने ते पुष्कळदा विरघळतात, त्यासाठी यंत्राची गरजच उरत नाही. गरोदर स्त्रिया, रक्त न गोठण्याचा विकार असलेले किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेले रुग्ण, लघवीतला जंतुसंसर्ग आटोक्यात नसलेले रुग्ण आणि खड्याच्या खाली मूत्रमार्ग अडलेला असणारे रुग्ण यांच्यावर हा उपचार करत नाहीत. खडा मोठा असल्यास पाठीतून छिद्र पाडून दुर्बिणीने काढणे, लहान पण कठीण असल्यास लघवीच्या वाटेने लवचीक दुर्बीण घालून लेझरने फोडणे, हे पर्याय आहेत. लेझर सुलभ झाल्यापासून जगभर आघाततरंगांचा वाटा कमी झाला आहे. योग्य निवडलेल्या खड्यासाठी ही पद्धत आजही सर्वांत कमी त्रासाची आहे, आणि केवळ जुनी म्हणून ती बाजूला टाकणे चूक ठरेल.

परभणी जिल्ह्यात मुतखडा नवा नाही. भारताच्या वायव्येकडून गुजरातमार्गे महाराष्ट्रापर्यंत येणाऱ्या ‘खड्यांच्या पट्ट्या’त मराठवाडाही मोडतो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातल्या या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. रानात काम करणाऱ्याचे पाणी घामावाटे निघून जाते, लघवी घट्ट होते आणि तिच्यातले क्षार गोठू लागतात. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगारांना फडावर प्यायला पुरेसे पाणी मिळत नाही. स्त्रिया लघवीला आडोसा नसल्याने मुद्दाम कमी पाणी पितात. बोअरच्या जड पाण्याने खडा होतो, अशी समजूत गावोगाव आहे, पण पाण्याच्या कठीणपणापेक्षा ते किती प्यायले जाते याला फार अधिक महत्त्व आहे. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी, बेताचे मीठ आणि लिंबू यांचा उपयोग सिद्ध आहे. दूधदुभते बंद करण्याचा सल्ला मात्र उलटा पडतो. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, ते तोडले की ऑक्झलेट लघवीत वाढते. हुलग्याचे कढण आणि पानफुटीचा रस घरोघरी दिला जातो. त्यामुळे पोटात पाणी जाते एवढा लाभ होतो. मात्र मूत्रपिंडाला सूज आली असेल तेव्हा या उपायांवर आठवडे काढल्यास मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असेही नसते.

परदेशी जाऊन हा उपचार घेण्याचा प्रश्न प्रत्यक्षात फार थोडी वर्षे खरा होता. १९८० नंतर काही काळ हे यंत्र जर्मनीतच होते. अमेरिकेत १९८४ मध्ये इंडियानापोलिस येथे पहिला रुग्ण घेतला गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या सरकारी यंत्रणेने यंत्राला मान्यता दिली. त्या काळात भारतातून जाणाऱ्यास परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे, म्हणून ही वाट मोजक्या धनिकांनाच मोकळी होती. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी कुशीवर मोठा छेद घेऊन केलेली उघडी शस्त्रक्रिया हाच उपाय होता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात यंत्रे भारतातल्या मोठ्या शहरांत आली आणि परदेशवारीचे कारण संपले. पुढे प्रवाह उलटला. आफ्रिका, आखाती देश आणि बांगलादेशातले रुग्ण वैद्यकीय व्हिसावर भारतात येतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही विम्याची अडचण असली की सुट्टीत मायदेशी येऊन उपचार उरकण्याचा विचार होतो, कारण तिथे हजारो डॉलर लागणारे काम इथे काही हजार रुपयांत होते.

आखातात कामाला गेलेल्या मराठवाड्यातल्या तरुणांचे प्रकरण वेगळे आहे. तिथल्या उन्हात खडा होण्याचा धोका वाढतो, कळ तिथेच उठते आणि पुष्कळदा वेदनाशामकावर दिवस काढून गावी परतण्याची वाट पाहिली जाते. ताप व थंडीसह कळ आली, लघवी बंद झाली किंवा एकच मूत्रपिंड असेल, तर विमानाची वाट न पाहता जिथे आहे तिथल्या रुग्णालयात जावे. अडलेल्या मूत्रपिंडातला संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. उपचारानंतर लगेच लांबचा विमानप्रवासही टाळावा. विमानाच्या हवेच्या दाबाने खड्याला काही होत नाही. मात्र चुरा उतरत असताना आकाशात कळ उठली तर तिथे मदत नसते आणि तासनतास बसून पाणीही कमी प्यायले जाते. खडा असलेल्या वैमानिकाला वैद्यकीय तपासणीशिवाय उड्डाणाची परवानगी मिळत नाही, ती याच कारणाने.

परभणीच्या रुग्णाचा खरा प्रवास देशातलाच आहे. सोनोग्राफी जिल्ह्यात होते, पुढच्या उपचारासाठी साधारण सत्तर किलोमीटरवरचे नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे-मुंबई किंवा हैदराबाद गाठले जाते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गामुळे आणि निजामी राजवटीपासूनच्या संबंधामुळे हैदराबाद अनेकांना मुंबईपेक्षा जवळचे वाटते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्यावरील उपचारांचा समावेश आहे, मात्र तो अंगीकृत रुग्णालयातच मिळतो आणि महाराष्ट्राबाहेर गेल्यास या योजनेचा आधार गृहीत धरता येत नाही. निघण्यापूर्वी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, चौकशी करावी, तिथले यंत्र चालू आहे का तेही विचारावे आणि सीटी स्कॅनची फिल्म व अहवाल सोबत न्यावेत. भाड्याचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे कोणतीही योजना पूर्ण भरून देत नाही, म्हणून एका फेरीत निर्णय होईल अशी तयारी रुग्णाच्या हिताची असते.

एका बैठकीत सगळा खडा फुटतोच असे नाही. दुसरी, क्वचित तिसरी बैठक लागते. फुटलेले तुकडे कधीकधी मूत्रवाहिनीत एकामागे एक अडकून रांग धरतात, त्याला वैद्यकात जर्मन भाषेतून आलेले ‘दगडांचा रस्ता’ अशा अर्थाचे नाव आहे. तसे झाल्यास मूत्रपिंड पुन्हा तुंबते. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून उरलेला चुरा पाहावा लागतो आणि पडलेला तुकडा जपून ठेवून तपासणीस द्यावा लागतो, म्हणजे पुढचा खडा टाळण्याची दिशा कळते. खडा मोठा असेल तर उपचाराआधी मूत्रवाहिनीत ‘डीजे स्टेंट’ नावाची नळी ठेवतात. ती बाहेरून दिसत नाही, काही दिवसांनी टोचेनाशीही होते, आणि दूरच्या शहरात उपचार घेऊन ऊसतोडीला किंवा परदेशी निघून गेलेला रुग्ण ती विसरतो. महिने उलटले की त्या नळीवरच नवे खडे जमतात आणि ती काढण्यासाठी पहिल्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. नळी काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी आणि ती घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावी. ही नळी साधारणपणे तीन महिन्यांच्या आत काढलीच पाहिजे.